समृद्धीवर १२०, धुळे-सोलापूरवर १००, आणि फ्लेक्समागं ८०: वेगमर्यादा नेमकी कुणासाठी?

मोसंबी (धागाकर्ता), जालना

मंडळी, बीडहून संभाजीनगरकडं येताना दोन हजारांचं चलान बसलं. वेग ९४, मर्यादा ८०. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक, म्हणजे कारला १०० चालतं असं मी धरून होतो. नंतर त्याच वाटेनं जाताना मुद्दाम गाडी हळू घेऊन बघितलं. ८० चा बोर्ड आहे, नाही असं नाही. पण त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. भावी आमदार हात जोडून उभे आणि त्यांच्या पाठीमागं ८०.

पैशाचं दुःख आहेच, पण धागा त्यासाठी काढला नाही. समृद्धीवर कारला १२०. तो रस्ता १५० च्या हिशोबानं बांधलाय असं सगळेच सांगतात. इकडं धुळे-सोलापूरवर दर चार-पाच किलोमीटरला गाव, फाटा, शाळा, आणि तिथं १००. हे आकडे ठरवतं कोण आणि कशावरून? आणि पकडतात कुणाला? त्याच रस्त्यावर रॉंग साइडनं तिघं बसून येणारी मोटारसायकल आणि मागं लाल दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर मला रोज दिसतो. त्यांचा फोटो काढताना मी अजून कुणाला बघितलं नाही.

जाणकारांनी लिहा. "वेग कमी ठेवा, घरी कुणीतरी वाट बघतंय" हे ट्रकच्या मागं वाचलेलं आहे, ते इथं नको.

---

टॉप गिअर

समृद्धीवर १२० ही चेष्टा आहे. सहापदरी काँक्रीट, दोन्ही बाजूंनी कुंपण, दुचाकी-रिक्षाला बंदी, एक सिग्नल नाही. आजच्या गाड्यांना सहा एअरबॅग आणि एबीएस आहे. जर्मनीत ऑटोबानवर मर्यादाच नाही, तिकडं काय रोज मुडदे पडायलेत का? आपल्याकडं रस्ता युरोपचा आणि नियम बैलगाडीचे. वर टोल पूर्ण घेतात.

---

रस्ता अभियंता

नोकरी रस्त्यांचीच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१५० हा समृद्धीच्या सपाट भागाचा डिझाइन स्पीड आहे. म्हणजे वळणाची त्रिज्या, वळणावर दिलेला आडवा उतार, चढावरून पुढचं किती दिसावं, हे सगळं त्या वेगासाठी मोजलेलं. ती रस्त्याची कुवत झाली. त्यावर गाडी, टायर, पाऊस आणि चालवणारा माणूस यांची कुवत बसवली की मर्यादा मिळते आणि ती नेहमी खालीच येते. १२० हा आकडा काही महाराष्ट्रानं मनानं काढलेला नाही. ६ एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर कारला १२०, नऊ किंवा जास्त प्रवाशांच्या गाडीला १००, मालवाहू गाडीला ८० अशी कमाल मर्यादा आहे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याला १००, ९०, ८०. बाकीच्या साध्या रस्त्याला कारसाठी ७०.

आता टॉप गिअर यांच्यासाठी आकडेमोड. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरा. ८० ला गाडी थांबायला साधारण ७० मीटर लागतात, १२० ला १३०, आणि १५० ला १८५ च्या पुढं. रात्री खालच्या दिव्यात तुम्हाला जेमतेम ५०-६० मीटर दिसतं. म्हणजे १२० लासुद्धा तुम्ही दिव्याच्या पुढंच पळत असता. एवढं करून मिळतं काय? १०० किलोमीटरला १२० नं ५० मिनिटं लागतात, १४० नं ४३. सात मिनिटं. तेवढी पुढच्या पंपावर लघवीच्या रांगेत जातात.

ऑटोबानचं अर्धंच सांगता राव. तिथंही बऱ्याच भागांत मर्यादा आहे, आणि जिथं नाही तिथं १९७८ पासून १३० हा शिफारस केलेला वेग आहे. ट्रकला ८०. आणि उजवीकडून ओव्हरटेक केलं तर दंड, कारण तिकडं वेगवान लेन डावी. इथं कोण कुठल्या लेनमधून जातो ते आधी बघा, मग ऑटोबान काढा.

---

उमरग्याचा ट्रकवाला

लेनचं निघालंच आहे तर आमचं बी ऐका. समदे म्हणतात ट्रकवाला उजवी लेन सोडत नाही. खरं हाय. पण कामून सोडत नाही ते कुणी विचारत नाही. डाव्या लेनला कुणाचा तरी टायर फुटून गाडी उभी असती. ना त्रिकोण, ना फांदी, नुसता अंधार. एकदा तसली गाडी ऐन वेळेला दिसली की माणूस मधल्या लेनला येतो. मधल्या लेनला दुसरा ट्रक ७५ नं चाललेला. आमच्या गाडीला गव्हर्नर, ८० च्या वर जात नाही. मग त्याला काढायचं तर उजवीकडंच जावं लागतं. तोवर मागून कारवाला डिप्पर मारमारून डोळे फोडतो.

आणि आमचे मालक वेगळेच. माल वेळेत पोचला नाही तर भाड्यातून कापायलेत. गाडीला ८० च्या वर जायला येत नाही, मग वेळ कुठून काढायचा? झोपेतून. तुमची स्पीडगन झोप मोजती का?

---

रस्ता अभियंता

ट्रकवाल्या अण्णांनी नेमकं बोट ठेवलं. ८० चा ट्रक ७५ च्या ट्रकला ओव्हरटेक करतो तेव्हा फरक ताशी ५ किलोमीटर. पूर्ण पुढं जाऊन लेनमध्ये यायला पाऊण मिनिटाच्या वर लागतं, तेवढ्यात एक किलोमीटर रस्ता अडतो. त्याच किलोमीटरमध्ये मागून १२० ची कार येते, आणि टॉप गिअर असतील तर १५० ची. माझं मत विचाराल तर समृद्धीवरचा धोका १२० च्या आकड्यात कमी आणि एकाच रस्त्यावरच्या ८० आणि १५० च्या फरकात जास्त आहे. कारची मर्यादा वाढवली की हाच फरक वाढतो. म्हणून मी १२० च्या बाजूनं आहे, पण अट एकच. लेनची शिस्त तितक्याच कडकपणे लावा. आज वेगाचं चलान येतं, लेनचं क्वचितच येतं, कारण वेग मोजायला यंत्र आहे आणि लेन बघायला माणूस लागतो.

---

फक्त वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. जालना-संभाजीनगर माझं रोजचं येणंजाणं, शेंद्र्याला नोकरी. बदनापूर, करमाड करत जायचं. मी कार ८० नं डावीकडून चालवते, आणि सगळ्यात जास्त भीती मला वेगानं जाणाऱ्यांची नाही, तर मला वेगानं जायला लावणाऱ्यांची वाटते. ट्रॅव्हल्स मागं येऊन इतकी चिकटते की आरशात फक्त तिची काच दिसते. हॉर्न, डिप्पर, आणि शेवटी कट मारून पुढं. नियम पाळणाऱ्या माणसाला रस्त्यावरून ढकलून देतात असं वाटतं. बाई दिसली की जास्तच.

चलान आलं तर ते वेगाचं येतं. अंतर न ठेवल्याचं चलान आलेलं कुणाला माहीत आहे का?

---

टॉप गिअर

ताई, ट्रॅव्हल्सवाल्यांबद्दल १०० टक्के सहमत. त्यांना सोडतात आणि कारवाल्याला धरतात, माझं म्हणणं तेच.

---

काळा कोट

मोसंबीदादा, तुमच्या चलानाकडं वळतो. कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण निम्म्या लोकांना यातलं ठाऊक नसतं.

केंद्रानं दिलेली १०० ही कमाल मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली राज्याला ती एखाद्या टप्प्यापुरती कमी करता येते. सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा रस्त्याच्या, पुलाच्या स्वरूपामुळं. पण त्याच कलमात लिहिलंय की अधिसूचना काढायची आणि योग्य जागी कलम ११६ प्रमाणे फलक लावायचे. म्हणजे फलक हा मर्यादेचा भागच आहे. तो झाकलेला असेल तर तुमच्या बाजूनं बोलायला जागा आहे.

दुसरं, ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आला. कॅमेरा, स्पीडगन, अंगावरचे कॅमेरे, सगळं त्यात येतं. उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र पाहिजे आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण. ज्या टप्प्यावर उपकरणानं नजर ठेवायची, त्याच्या आधी ठळक सूचनाफलक पाहिजे, तिथं पोलीस प्रत्यक्ष उभे असले तरी. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस. चलानात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा. झाडाच्या सावलीत बोनेट लपवून उभी राहणारी गाडी आणि हा नियम शेजारी ठेवून बघा, म्हणजे लोक का चिडतात ते कळतं.

करायचं काय? फ्लेक्ससकट बोर्डाचा फोटो काढा, त्यात जागा आणि वेळ दिसू द्या. महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे, तिथं टाका. आधी पैसे भरून मोकळं होऊ नका. भरलं की तडजोड झाली, मग भांडायला काही उरत नाही.

अवांतर: कलम १९८-अ कुणी वाचलंय का? रस्त्याची रचना, बांधकाम, देखभाल मानकाप्रमाणं नसल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला, सल्लागाराला, संबंधित प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीतच आलंय हे, ज्या दुरुस्तीत आपले दंड वाढले त्याच. आपल्याला दोन हजार, त्यांना माणूस गेल्यावर फार तर लाख.

---

गेवराईकर

मला ह्या चर्चेची गंमत वाटायली. समदे गाडीत बसून बोलायलेत. रस्त्याच्या कडंला उभं राहून बोलणारा एक बी नाही.

आमचं शेत हायवेच्या अल्याड, घर पल्याड. चौपदरी झाला तवा भुयारी रस्ता दिला तो दोन किलोमीटरवर, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. मग बैल घेऊन, लेकरं घेऊन, डोक्यावर चारा घेऊन माणूस कुठून जाणार? दुभाजकातून. मोसंबीशेठ म्हणतात रॉंग साइडनं येतात. येतात ना. सर्व्हिस रोड अर्धाच करून सोडलाय, पुढचा कट चार किलोमीटरवर. शाळेत जायला चार पुढं अन् चार मागं जायचं का? दुभाजक फोडतात म्हणून गावाला शिव्या. पंपवाल्यानं, ढाबेवाल्यानं फोडलेला दिसत नाही का कुणाला?

आमच्यासाठी तुमचं ८० बी लईच हाय. गावाजवळ ५० पाहिजे, अन् बोर्डावर नको, रस्त्यावर पाहिजे.

---

टॉप गिअर

म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर स्पीडब्रेकर टाकायचे? मग महामार्ग कशाला म्हणायचं?

---

गेवराईकर

तुम्ही म्हणू नका. आमच्या गावचा रस्ता होता तो, तुमचा महामार्ग नंतर आला.

---

रस्ता अभियंता

टॉप गिअर, शांत व्हा. गेवराईकरांचा मुद्दा साधा नाही.

मर्यादा ठरवायची जगभर एक पद्धत आहे. मोकळ्या रस्त्यावर शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात, तो आकडा आधार धरायचा. बहुतेक लोक मूर्ख नसतात, रस्ता बघूनच चालवतात, असं त्यामागचं गृहीत. समृद्धीसारख्या कुंपणाच्या रस्त्याला हे लागू पडतं. पण जिथं माणूस पायी रस्ता ओलांडतो तिथं गाडीवाल्याला काय योग्य वाटतं ते विचारूनच चालत नाही. धुळे-सोलापूरची अडचण हीच आहे. रुंदी महामार्गाची, वापर गावच्या रस्त्याचा. त्याला एकच १०० लावलं की गावाजवळ जास्त होतं, आणि गावं सांभाळायला सरसकट ८० लावलं की मधल्या मोकळ्या पट्ट्यात कुणी पाळत नाही. मग गन कुठं लावतात? जिथं कुणी पाळत नाही तिथं. गावाजवळ लावत नाहीत, कारण तिथं ट्रॅफिकमुळं गाड्या आपोआप हळू होतात. चलानं भरपूर फाटतात, पण गावाजवळ माणूस मरतोच. मोसंबी यांचं चलान अशाच मोकळ्या पट्ट्यातलं असणार, पैज लावतो.

स्पीडब्रेकरबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोल उंचवट्याचं माप आहे. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, आणि तो २५ च्या वेगानं ओलांडायसाठी. अपघात झाल्यावर गावकरी रातोरात डांबर टाकून जे करतात ते फूटभर रुंद आणि वीतभर उंच असतं. त्यावर मोटारसायकलवाला मरतो. गावाच्या आधी टप्प्याटप्प्यानं १००, ८०, ५० असे बोर्ड, खडखडाट करणाऱ्या पट्ट्या, दिवे आणि पादचारी ओलांडायची एक ठरलेली जागा, एवढं दिलं तरी खूप होईल.

---

मोसंबी

अभियंतासाहेब, पैज जिंकलात. एका बाजूला पांढऱ्या सोन्याचं रान, दुसऱ्या बाजूला रिकामी एमआयडीसीची जमीन. गाव नजरेतसुद्धा नाही.

---

निजामकालीन

जांबरगाव विसरलात सगळे? १५ ऑक्टोबर २०२३, वैजापूर तालुका, समृद्धीवरच्या टोलनाक्याजवळ. सैलानी बाबाच्या दर्शनाहून नाशिकला परतणारी टेम्पो ट्रॅव्हलर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली, १२ माणसं गेली. तो ट्रक तपासणीसाठी थांबवला होता, असं पुढं आलं आणि आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. नियम पाळायला लावायची पद्धत चुकली तर वेग चुकण्याइतकीच महागात पडते. ज्या रस्त्यावर गाडीनं थांबायचंच नाही असं गृहीत धरलंय, तिथं हात करून गाडी थांबवणं हेच मुळात चूक.

त्याच्या आधी १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्स उलटून पेटली, २५ जण गेले. चालकानं आधी टायर फुटला म्हणून सांगितलं होतं, तपासणीत ते टिकलं नाही. तिथंही बसचा वेग फार होता म्हणून झालं असं कुणी म्हटलं नाही. रात्रीचा सरळ रस्ता आणि डुलकी यांचं काय करायचं ते वेगमर्यादेत लिहिलेलं नसतं.

---

टॉप गिअर

तेच तर म्हणतोय. वेग एवढाच शत्रू करून ठेवलाय.

बरं, थांबवायचं नाही, गन लपवायची नाही, तर पकडायचं कसं? म्हणून मला सरासरीचा मार्ग पटतो. आत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, अंतर भागिले वेळ. समृद्धीवर सुरुवातीला असंच बघून लवकर पोचणाऱ्यांना बाजूला घेऊन अर्धा तास समुपदेशन द्यायचे. मला वाटलं हसतील लोक. पण अर्धा तास गेला की वाचवलेली वीस मिनिटं पण गेली. दंडापेक्षा ते जास्त लागतं.

---

काळा कोट

कल्पना उत्तम, पण सरासरीत पळवाट आहे. ढाब्यावर पाऊण तास जेवा आणि मग १६० नं पळा, सरासरी शुद्ध. शिवाय पुराव्याचा प्रश्न. दोन ठिकाणची घड्याळं जुळलेली आहेत हे दाखवावं लागेल.

---

रस्ता अभियंता

पळवाट बुजवायला टप्पे लहान करायचे. शिरणं आणि बाहेर पडणं न मोजता दर १०-१५ किलोमीटरला कॅमेऱ्यांची कमान. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. जाणाऱ्यांना विचारा, कमानी दिसायला लागल्यापासून लोक कसे चालवतात. घाटात कारला ६० आहे तिथं सुद्धा लोक कुरकुर करत का होईना पाळतात. कॅमेरा कुणाची गाडी आहे, बंपरवर कुणाचं स्टिकर आहे ते बघत नाही, न्याय्य म्हणायला मला एवढं पुरेसं आहे.

आणि टॉप गिअर, एवढा वेग आवडतो तर टायरच्या बाजूला मापानंतरचं अक्षर कधी वाचलंय? क्यू असेल तर १६० पर्यंत, एस असेल तर १८०. तेही नवीन टायर, योग्य हवा धरून. मे महिन्यात जालन्याच्या उन्हात, चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन नाही. चार आकडी शिक्का असतो तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. तोही बघा.

---

टॉप गिअर

बघितलं आत्ता खाली जाऊन. २०१८ चा आहे. बदलतो. १२० वरचं मत बदललेलं नाही.

---

उमरग्याचा ट्रकवाला

कॅमेरा लावा, आमची ना नाही. पण ट्रक थांबवायला सावलीची जागा द्या. समृद्धीवर रात्री झोप आली तर गाडी कुठं लावायची? कडंला लावली की दंड, नाही लावली की डुलकी.

---

फक्त वाचक

हा प्रश्न खरं तर वेगळ्या धाग्याचा आहे. काढा ना कुणीतरी.

---

गेवराईकर

मोसंबीशेठनी ट्रॅक्टरचं काढलं होतं ते राहिलंच. आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी चार फूट बाहेर, दिवा असला तरी पाचटानं झाकलेला. पोरं बी रात्रीच वाहतूक करतात, कारखान्यावर नंबर लवकर लागतो म्हणून. धोका आम्हाला बी कळतो. ह्या वेळी हंगाम सुरू व्हायच्या आधी गावातल्या समद्या ट्रॉल्यांना रेडियम लावायचं ठरवलंय, वर्गणी बी जमली. अभियंतासाहेब, कसलं घ्यायचं ते सांगा.

---

रस्ता अभियंता

फार छान. स्टिकरवाल्याकडचं साधं रेडियम घेऊ नका, ते लांबून चमकत नाही आणि धुळीनं, पाण्यानं सुटतं. परावर्तक टेप घ्या, त्यावर एआयएस-०९० असा शिक्का छापलेला असतो तो बघूनच. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. ट्रॉलीच्या फळीवर लावाल तर उसाखाली झाकली जाईल. म्हणून मागच्या बाजूला खाली, चाकाच्या वर, आडव्या अँगलवर लावा, आणि एक पट्टी उसाच्या टोकाला बांधायच्या लाकडी फळीवर. ती फळी प्रत्येक खेपेला ऊस भरल्यावर बांधायची आणि कारखान्यावर सोडून घ्यायची. लावायच्या आधी पत्रा साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळू द्या.